हिवाळी तळ्यातले अठ्ठावीस

व्रोत्स्वाफ
रविवार, ३ डिसेंबर

प्रिय कायतेक,

तू बरा असशील. साबिना, मुली, दोन्ही कुत्रे, सगळे बरे असतील. मी बरी आहे. इथे बर्फ पडून वितळलं, आता नुसता चिखल आहे. माझा गुडघा कुरकुरतो, बाकी सांगण्यासारखं काही नाही. दर वर्षी नाताळच्या कार्डावर एवढंच लिहून मी खाली सही करते. यंदाही तेच केलं असतं.

पण बाबांचं एक वाक्य दोन आठवडे डोक्यातून जात नाहीये. "मासा ओरडत नाही, म्हणून त्याच्याकडे बघत राहावं लागतं." मी सात वर्षांची होते, तू अकरा. ऑक्टोबरचा उपसा चालू होता. बाबा साधूच्या, तळ्याचं पाणी अडवणाऱ्या आपल्या त्या खांबाच्या, फळ्या एकेक करून काढत होते, तळ्याचं पाणी उतरत चाललं होतं आणि उरलेल्या डबक्यात मासे उकळल्यासारखे दिसत होते. मला मासे निवडायच्या टेबलाशी उभं केलं होतं. खाली पडलेला मासा उचलायचा आणि टबात टाकायचा, एवढंच काम. वरून क्रौंच पक्ष्यांची रांग गेली आणि मी ते मोजत बसले. एक कार्प टेबलावरून पडून खोक्यामागे गवतात गेला होता. बाबांना तो सापडला तेव्हा त्याचे कल्ले अजून उघडझाप करत होते. बाबांनी तो पाण्यात सरळ धरून ठेवला, बराच वेळ, आणि माझ्याकडे न बघता ते वाक्य बोलले. रागावले नाहीत. तू मात्र संध्याकाळभर मला चिडवलंस, "क्रौंच किती होते गं, इर्का? चौकशी समितीला सांगावं लागेल."

त्या वाक्याचं मी पुढे काय केलं ते तू ट्रामच्या थांब्यांवरच्या पोस्टरांत वाचलंस. तुला न विचारता लावलं होतं.

बातमी अशी की, आमचं काम झालं. गेल्या सोमवारी शेवटच्या मोठ्या दुकानानेही लेखी कळवलं, यंदापासून जिवंत कार्प विकणार नाही. बाजारचौकातल्या टाक्यांवर नगरपरिषदेने आधीच बंदी घातली आहे. म्हणजे या डिसेंबरात नाताळच्या जेवणासाठी शहरात एकही मासा पिशवीतून जिवंत घरी जाणार नाही. दागमाराने फोन करून सांगितलं. आमच्या गटात फोटो काढते ती, उंच, तुला आठवत असेल. ती रडत होती. मला म्हणाली, "तू पण रडतेस ना?" मी म्हटलं, "बटाटे सोलतेय." ती म्हणाली, "तू दगड आहेस, बाई." प्रेमाने म्हणाली.

मी बटाटे सोलून पूर्ण केले. उकडले. खाल्ले. मग भांडी घासली. काहीतरी वाटायला हवं होतं, त्याची वाट पाहत मी सिंकपाशी उभी राहिले, पण काही आलं नाही.

तुला या कामाची हकिगत मी कधी नीट सांगितलीच नाही. तू ती वर्तमानपत्रातून वाचलीस, आणि वर्तमानपत्रात मी फार शहाणी दिसते. सुरुवात साधी होती. नाताळच्या आदल्या आठवड्यात मी दुकानात पैसे द्यायच्या रांगेत उभी होते. माझ्यापुढच्या बाईचं सामान पट्ट्यावरून सरकत होतं. बीट, खसखस, अंडी, आणि प्लास्टिकच्या पिशवीत कार्प. पिशवी हलली. काउंटरवरच्या मुलीने ती उचलून यंत्राखाली धरली, किंमत लागली नाही, म्हणून उलटी करून पुन्हा धरली. मग तिसऱ्यांदा. पिशवी आतून धुरकट झाली होती. रांगेत कोणीच काही म्हटलं नाही. मीही नाही. मी पाण्याच्या प्रयोगशाळेत तेव्हा एकोणीस वर्षं नोकरी केलेली बाई, तळेवाल्याची मुलगी, आणि मी माझं दूध पट्ट्यावर ठेवलं.

पहिल्या वर्षी आम्ही फक्त एवढंच मागितलं की पिशवीत पाणी घाला. लोक हसले. रांगेतली एक म्हातारी माझ्या अंगावर आली. "पाणी? आणि ते पाणी उचलणार कोण? चौथ्या मजल्यावर राहते मी, लिफ्ट नाही. तुम्ही याल का मासा घेऊन?" मी म्हटलं येते. पाण्याची बादली आणि त्यात मासा घेऊन चार मजले चढले. तिने न्हाणीघरातला टब आधीच भरून ठेवला होता. मासा सोडला, दोघी बघत बसलो. ती म्हणाली, "नवरा गेल्यापासून यालाच चार दिवस हाक मारायला मिळतं. मग चोवीस तारखेला शेजारी येऊन मारून देतो आणि मी रेडिओ मोठा लावते." पुढच्या वर्षी आमच्या अर्जावर पहिली सही तिचीच होती. असंच झालं सगळं. एकेका जिन्याने.

मग रांगेत उभं राहून काढलेली चित्रफीत, मग पोलीस, मग पशुवैद्यांची पत्रं. पहिल्या न्यायाधीशांनी लिहिलं की प्रश्न पाण्याबाहेरच्या काही मिनिटांचाच आहे, त्याला छळ म्हणता येत नाही. वरच्या कोर्टात दुकानाच्या वकिलाने मला विचारलं, "मॅडम, दुखतंय हे मासा तुम्हाला स्वतः सांगतो का?" मी बाबांचं वाक्य म्हटलं. तू शेवटच्या बाकावर होतास, बाजाराला जायच्या जाकिटात. निकालानंतर जिन्यात मला म्हणालास, "बाबांचं वाक्य चांगलं चाललं. भाडं तरी देत जा." मी हसले. तू हसला नव्हतास बहुतेक. मी नीट पाहिलं नाही.

तो नोव्हेंबर होता. तोवर जुलै होऊन गेला होता. जुलैबद्दल पुढे लिहिते.

आज थांबते. हात आखडलाय.


मंगळवार, ५ डिसेंबर

साबिनाने मला फोन केला होता. तुला न सांगता केला होता, आणि आता मी ते तुला सांगते आहे, म्हणजे तिच्याशीही मी बरं वागत नाही. तिला बोलू नकोस.

ती म्हणाली, "मी साबिना. ओळखलंस, की ओळखपत्र दाखवू?"

"ओळखलं."

"बरं झालं. तो तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगते. तळ्यांचा भाडेपट्टा संपतोय. पंधराला मिलिचच्या कार्यालयात कागद द्यायची शेवटची तारीख. दुसरा अर्ज एका मोठ्या कंपनीचा आहे. त्यांच्या कागदावर एक डाग नाही. आमच्या फाइलवर त्या वर्षीचा शेरा आहे."

मी विचारलं कसला शेरा. मला माहीत होतं.

"रोगाचं कारण अज्ञात, व्यवस्थेत हलगर्जीपणाची शक्यता. दहा वर्षं चालतो म्हणे तो शेरा. नऊ झाली. एक वर्षाने चुकलो." मग म्हणाली, "माझं लग्न होऊन मी आले तेव्हापासून त्याला कधी पूर्ण कोरडा पाहिला नाही. आता तळी गेली तर हा माणूस करील काय? सोफ्यावर बसेल?"

मी म्हटलं, "मी काय करू?"

"काही नको करूस. शहरातल्या बाईसाहेबांना आमच्या हाताचा वास येतो, हे काय मला कळत नाही? नऊ वर्षांत दारात पाऊल नाही तुझं. पण बहीण आहेस, तर कानावर घातलं."

मग ती दुसरंच बोलायला लागली, जसं आपण फोन ठेवायच्या आधी बोलतो. म्हणाली, कोर्टातून आल्यावर महिनाभराने तू धान्यकोठीतली अर्धी जागा रिकामी करून माशांना मारण्याआधी बेशुद्ध करायची विजेची पेटी आणलीस. कोणी सक्ती करण्याच्या चार वर्षं आधी. खोऱ्यातले बाकीचे तळेवाले तुला हसले. तू म्हणालास, "माझी बहीण कोर्टात खोटं बोलणार नाही."

हे वाक्य तिने सहज सांगितलं.

आणि म्हणाली, "अजून दोन जाळी ठेवतो तो. टाकीच्या जाळ्याला लाल दांडा, तळ्याच्या जाळ्याला निळा. मुलींना हात लावू देत नाही. जेवता जेवता उठतो आणि बघून येतो, कोणी अदलाबदल तर केली नाही ना. मी म्हणते, बाबा रे, झालं ते झालं. त्याचं आपलं एकच, माझ्या हातून झालं."

मी "बरं" म्हणाले. तिने फोन ठेवला. मी फोन हातात धरून होते, आणि त्यानंतर मी कामावर गेले, पाण्याचे सोळा नमुने तपासले, एकाही आकड्यात चूक केली नाही.

दुसरी गोष्ट. दागमारा आमच्या कामावर एक पुस्तिका काढते आहे. मुखपृष्ठावर तोच फोटो घ्यायचा आहे, सगळीकडे असतो तो. बादली, दोन हात, आणि बादलीतून पाण्यात उतरणारा कार्प. हात माझे आहेत. खाली लिहिलेलं असतं, वाचवलेले चाळीस कार्प आज एका तळ्यात सुखाने राहतात. शाळेतली मुलं मला त्यांची नावं विचारतात. मी सांगते पण.

दागमारा म्हणाली, "मूळ फोटो मोठा आहे गं. तू तेव्हा कडा कापायला लावल्या होत्यास. पूर्णच छापू या, प्रकाश किती छान आहे बघ." तिने तो माझ्यासमोर उघडला. उजव्या कडेला साधू उभा आहे. वरच्या फळीवर पांढऱ्या रंगात चारचा आकडा, बाबांच्या हातचा, शेपूट जरा वाकडी.

दुकानातल्या माशांचा एक नियम तू मला शिकवला होतास आणि माझ्या प्रयोगशाळेतही तोच आहे. मी आज हे लिहू शकत नाही. उद्या सेंट निकोलसचा दिवस. शेजारच्या मुलीच्या बुटात ठेवायला संत्री आणायची आहेत.


गुरुवार, ७ डिसेंबर

सरळ लिहिते.

तुला माहीत आहे तेवढं आधी. त्या चोवीस तारखेला दुकान दोन वाजता बंद झालं. टाकीत चाळीस मासे उरले होते आणि त्यांनी हवेचा पंप बंद केला होता. मी व्यवस्थापकाशी भांडून ते मागून घेतले. फुलवाल्याची गाडी, त्यात पिंपं, आणि मी आणि दागमारा साठ किलोमीटर तुझ्याकडे आलो. नदीत सोडायचं नाही एवढं मला कळत होतं. विक्रीआधी कित्येक आठवडे उपाशी ठेवलेले मासे नदीच्या थंडीत दोन दिवस टिकत नाहीत. तू फोनवर म्हणाला होतास, "आण. बघू."

आम्ही आलो तेव्हा सव्वातीन झाले असतील. तू इस्त्रीच्या शर्टावर रबरी बूट घालून बाहेर आलास. पिंपात हात घालून एक मासा उलटा केलास, त्याचे कल्ले पाहिलेस. मग म्हणालास, "कोठीमागच्या सिमेंटच्या टाकीत. सगळे. तळ्यात एकही नाही. दुकानातली टाकी म्हणजे दहा गावचं पाणी, कोण काय घेऊन आलंय देव जाणे. पाणी कोमट झाल्यावर उन्हाळ्यात कळेल. तोवर एकही नाही. कळलं?"

मी म्हटलं, "कळलं."

जेवायला बसायची खूण म्हणून मुली खिडकीशी पहिला तारा शोधत होत्या. साबिना आतून ओरडली, "पोरींना तारा दिसला म्हणे. कायतेक, मासे बुडत नाहीत, सूप मात्र गार होतं." तू हसलास. म्हणालास, "हात धुऊन या दोघी. आलेल्या-गेलेल्याचं एक पान मांडलंयच, आणखी एक खुर्ची आणतो." आणि आत गेलास.

पुढचं तुला माहीत नाही.

दागमारा म्हणाली, "टाकीत? सिमेंटची टाकी म्हणजे दुकानातल्या टाकीसारखीच दिसेल. लोक म्हणतील, इथून काढून तिथे टाकले." तिला रोगाचं काही माहीत नव्हतं. तिने बघितलं तर हिवाळी तळं वीस पावलांवर, पाण्यावर शेवटचा उजेड, पलीकडे आल्डरची झाडं. मला माहीत होतं. कोणताही मासा कुठल्या पाण्यातून कुठे न्यायचा नाही हे मी पगार घेऊन लोकांना सांगते. मी दागमाराला नाही म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "लवकर कर, उजेड जातोय."

एका बादलीत सात. चार बादल्या. अठ्ठावीस मासे मी हिवाळी तळ्यात सोडले. तुझे चौदा टन कार्प तिथे खाली झोपलेले होते. पाचव्या बादलीला उजेड संपला, फोटो येईना, म्हणून उरलेले बारा मी टाकीत ओतले.

नंतर बऱ्याचदा मी स्वतःला कारणं दिली. टाकीवर बोटभर बर्फ होतं. पिंपातला एक मासा आडवा पडला होता, त्याला खोल पाणी हवं होतं. खरं कारण फोटो. तो चांगला आला. त्या फोटोने आम्हाला पुढच्या दोन महिन्यांत सत्तावीस हजार सह्या मिळवून दिल्या, आणि त्या नसत्या तर वरच्या कोर्टाने आमचं प्रकरण घेतलं असतं की नाही, मला सांगता येत नाही. हेही खरं आहे आणि तेही. मी दोन्ही शेजारी ठेवून बघते, त्यांचं एकमेकांशी काही बोलणं होत नाही.

मी आत आले. तू विचारलंस, "किती आहेत?" मी म्हटलं, "बारा. बाकीचे येताना बागेच्या तळ्यात सोडले, पिंपात मावत नव्हते." तू म्हणालास, "मरतील तिथे." आणि सूप वाढलंस. बीटच्या सुपातल्या मशरूमच्या छोट्या करंज्या माझ्या पानात जास्त टाकल्यास, कारण लहानपणी मी त्या मोजायची. कार्पचं ताट माझ्यापुढून मुकाट्याने सरकवलंस आणि कोबीची भाजी माझ्याकडे केलीस. ती फक्त माझ्यासाठी केलेली होती. मी दोनदा घेतली.

जुलैत तुझा फोन आला. "इर्का, मासे पाणी येतं तिथे तोंड वर करून उभे आहेत. डोळे आत गेलेत." मी ताबडतोब आले. तिथल्या बायका म्हणाल्या, बघा, बहीण असावी तर अशी.

पांढऱ्या कपड्यातली माणसं आली. चौदा टन. तुझे तिसऱ्या वर्षाचे, त्या हिवाळ्यात विकायचे, आणि पुढच्या वर्षाचेही. तीन दिवस मेलेल्या माशांनी गाड्या भरत होत्या. मग कळीचा चुना. सगळं तळं पांढरं झालं, जुलैत, बर्फ पडल्यासारखं. अधिकाऱ्याने तुला विचारलं, बाहेरून काही मासे आणले होते का. तू म्हणालास नाही. बारा मासे तू आदल्या पहाटे टाकीतून काढून पुरून टाकले होतेस, कारण ते सापडले असते तर माझं नाव आलं असतं, आणि नोव्हेंबरात माझं कोर्ट होतं. तू मला हे सांगितलंही नाहीस. रिकामी टाकी बघून मला कळलं.

संध्याकाळी आपण बांधावर उभे होतो. तू म्हणालास, "जाळं. एकच जाळं वापरलं मी. टाकीतही तेच, तळ्यातही तेच. बत्तीस वर्षांचा अनुभव आणि शेंबड्या पोरासारखं एकच जाळं."

तेव्हा मी बोलायचं होतं. त्याऐवजी मी तुझ्या पाठीवर हात ठेवला, कायतेक, आणि म्हटलं, "असू दे. कोणाच्याही हातून होतं."

मी तुला माफ केल्यासारखं बोलले. तू मान हलवलीस. तुला बरं वाटलं असावं, कारण तू माझा हात दोन थापा मारून खाली केलास आणि म्हणालास, "तू कोर्टाचं बघ. इथलं मी बघतो."

तुझं जाळं नव्हतं ते. माझ्या अठ्ठावीस माशांना जाळ्याची गरजच नव्हती. ते सात महिने तुझ्या माशांच्या मधोमध होते.

म्हणून मी येत नाही. साबिनाला वाटतं वास येतो. वास येत नाही. निळ्या-लाल दांड्यांचं मला आत्ता कळलं, पण तू तसंच काहीतरी करत असशील हे मला नऊ वर्षं माहीत होतं. मी तुझ्या घरात बसले असते आणि तू उठून जाळं बघायला गेला असतास, तर मी खुर्चीत बसून राहिले असते. मी तशी आहे हे मला जुलैत कळलं. त्यामुळे खुर्चीच टाळली.

लिहून झाल्यावर काहीतरी होईल असं वाटलं होतं. बाहेर ट्राम जाते आहे, चहा गार झाला आहे. मला रडू येत नाही आणि मी ते आणणारही नाही.

आता काम.

पाकिटात आणखी एक कागद आहे, तीन प्रतींत. मी शपथेवर लिहून दिलं आहे की चाळीस मासे मी कागदपत्रांशिवाय आणले, तू ते वेगळ्या टाकीत ठेवायला स्पष्ट सांगितलं होतंस, आणि मी तुझ्या पाठीमागे, तुझ्या शब्दाविरुद्ध, अठ्ठावीस तळ्यात सोडले. सोबत पूर्ण फोटो, हिवाळी तळ्याच्या चार नंबरच्या फळीसकट. मागे दागमाराने तारीख आणि वेळ लिहून सही केली आहे. तिला मी काल सगळं सांगितलं. तिने कोट चढवला. मग म्हणाली, "पुस्तिका थांबवते," आणि निघून गेली. अजून फोन केलेला नाही. गटाच्या बाकीच्यांना सोमवारी सांगणार आहे. दुकानं आता टाक्या परत आणणार नाहीत, तेवढं पक्कं झालंय. मला व्याख्यानाला बोलावणार नाहीत, आणि शाळेतल्या मुलांना कोणीतरी काहीतरी सांगावं लागेल. ते मीच सांगेन.

बारा माशांचंही त्यात लिहिलं आहे. आधी गाळलं होतं. मग वाटलं, पुन्हा कडा कापलेला फोटोच झाला. तू ते लपवलेस म्हणून तुला दंड होईल, मी वकिलाला विचारलं, लहानसा. पण टाकी वेगळी होती, तू बरोबर वागलास, म्हणजे हलगर्जीपणाचा शेरा उरत नाही. उरला तर माझ्या नावावर उरेल.

मी एकटीने हा कागद पाठवून उपयोग नाही. मिलिचला जाऊन विचारून आले. कार्यालयातली बाई म्हणाली, "बाहेरच्या माणसाचं पत्र म्हणजे पत्रच. भाडेकरूने खाली 'मला मान्य' लिहून सही केली तरच आम्ही फाइल उघडतो." मी त्या दिवशी तुझ्यापासून सहा किलोमीटरवर होते. बसची वाट पाहत स्टँडवर चाळीस मिनिटं बसले आणि परत आले.

शुक्रवारी, पंधराला, कार्यालय आठ ते चार उघडं असतं. तुझी सही माझ्या सहीच्या खाली हवी, तिथे मी रेघ मारून ठेवली आहे. मला भेटायची, फोन करायची, उत्तर लिहायची काही गरज नाही.

तू नाही म्हणशील. ते कसं येईल हेसुद्धा मला माहीत आहे. साबिना फोन करील आणि म्हणेल, तो म्हणतो जाऊ दे, बहिणीला चव्हाट्यावर आणून तळी राखायची नाहीत. बारा माशांसाठी तू नऊ वर्षं तोंड उघडलं नाहीस. अठ्ठावीसांसाठी किती वर्षं गप्प बसशील याचा मी हिशेब करू शकत नाही.

तरी मागते. माझ्यावरची माया म्हणून नाही म्हणू नकोस, कायतेक. माझ्यावर रागाव आणि सही कर.

तुझी, तू अजून म्हणशील तर,
इर्का